नेल कॉडची ताटली

आयव्ही स्क्रिमशॉनं लग्न केलं नाही, चाळीस वर्षं पोस्टात तिकिटं विकली, आणि शेजाऱ्यांची ताटली कधीही धुऊन परत केली नाही. स्कार्नबीत नव्यानं राहायला आलेली लंडनची मंडळी यावरून नाकं मुरडतात. "बाई एवढी टापटिपीची, पण खरकटी बशी तशीच आणून देते हो." ज्यांच्या परसात कधी डुक्कर नव्हतं, त्यांना काय सांगायचं?

दुसऱ्या महायुद्धाआधी आमच्या गावात घरटी एक डुक्कर असायचं. वर्षभर उरलंसुरलं घालून पोसायचं, थंडी कडक पडली की खाटकाला बोलवायचं, आणि मांड्या मीठ चोळून ठेवायच्या, त्या वर्षभर पुरवायच्या. कापल्या दिवशी कलेजी आणि चरबीचे तुकडे ताटलीत घालून शेजारीपाजारी पाठवायचे. ताटली परत यायची ती रक्ता-चरबीच्या डागांसकट. धुतली तर पाठवणाऱ्याच्या घरचं मांस मीठ धरत नाही, नासतं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आयव्ही नऊ वर्षांची होती त्या हिवाळ्यात स्क्रिमशॉंचं डुक्कर रोगानं मेलं. रस्त्यापलीकडे राहणारी नेल कॉड ही आयव्हीच्या आईची, अ‍ॅडाची, जिवाभावाची मैत्रीण. एकीनं भट्टी पेटवली की दुसरीचे पाव तिच्यातच भाजले जायचे. नेलला मूलबाळ नव्हतं. आयव्हीच्या वेण्या घालायचा हक्क तिनं परस्पर घेऊन टाकला होता. नेलमावशीनं त्या वर्षी अ‍ॅडाकडे ताटली भरून, वर शीग लावून पाठवली.

"नीट धर," रिकामी ताटली आयव्हीच्या हातात देत अ‍ॅडा म्हणाली. "आणि वाटेत रेंगाळू नकोस."

आयव्ही रेंगाळली. रस्त्याकडेच्या चरात बर्फ धरला होता, आणि बर्फ दिसल्यावर त्यावरून घसरून न बघणारं पोर अजून जन्माला यायचंय. बर्फ फुटला, ताटली काळ्या चिखलात गेली. फुटली नाही. फुटली असती तर बरं झालं असतं, असं आयव्हीला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं. चिखलाची ताटली नेऊन देण्याची तिला लाज वाटली. तिनं ती चरातल्या पाण्यात खळबळली आणि एप्रनला पुसून लख्ख केली.

नेलचे हात कोपरापर्यंत मिठात होते. ताटलीकडे बघून ती थबकली.

"अगं, ही धुतलेली दिसतेय. आईनं धुतली का?"

खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. आयव्हीनं मान डोलावली आणि घराकडे धूम ठोकली.

पुढच्या आठवड्यात थंडी अवेळीच ओसरली. नेलची एक मांडी हाडापाशी सडली, मग दुसरी. खरं तर त्या आठवड्यात गावात आणखी तीन घरांचं मांस वाया गेलं, दोष हवेचा होता. पण रागावलेलं माणूस शेजाऱ्यांच्या मांड्या मोजत बसत नाही.

नेल आली ती दारातच उभी राहिली.

"अ‍ॅडा, तुझं डुक्कर मेलं त्यात माझा काय गुन्हा होता?"

"काय बोलतेस तू? आत तरी ये."

"ताटली धुऊन पाठवलीस ना? तुझ्याच पोरीनं सांगितलं."

अ‍ॅडानं वळून आयव्हीकडे पाहिलं. आयव्ही आपल्या बुटांच्या नाड्यांकडे बघत होती.

"हो, धुतली," अ‍ॅडा म्हणाली. "लक्षात राहिलं नाही."

"वीस वर्षं बरं राहिलं. आणि नेमकं यंदाच राहिलं नाही?"

"यंदा नाही राहिलं."

नेल गेली. अ‍ॅडानं पोरीला मारलं नाही, एका शब्दानं विचारलंही नाही. मार पडला असता तर आयव्ही सुटली असती. फक्त काही दिवसांनी वेणी घालता घालता अ‍ॅडाचे हात थांबले.

"नेलकडे जरा जाऊन येतेस का?"

"कशाला?"

"सहज."

आयव्ही उद्या जाईन म्हणाली. मग ईस्टरनंतर, मग शाळा सुटल्यावर. तेवढ्यात एकतीस वर्षं झाली. दर रविवारी अ‍ॅडा आणि नेल चर्चमध्ये दोन टोकांना बसायच्या, आणि नेलची भट्टी एकट्या नेलपुरती पेटायची.

नेल वारली तेव्हा अ‍ॅडा काळा कोट घालून निघाली, पण दफनभूमीच्या फाटकाशीच थांबली. आत जाईना. शेजारी उभ्या आयव्हीला मग राहवलं नाही.

"आई, ती ताटली मी धुतली होती."

"माहीत आहे मला. मी दिली तेव्हा खरकटीच होती ना."

"मग मावशीला का नाही सांगितलंस?"

"तुझ्यावर लेकीसारखी माया करायची ती. माझ्या तोंडून कळलं असतं तर तुझं तोंडही बघितलं नसतं तिनं. तू जाऊन सांगितलं असतंस तर एक चापट मारून जवळ घेतलं असतं. मी म्हटलं, जाईल पोरगी. आज नाही तर उद्या जाईल." अ‍ॅडानं हातमोजे ओढून नीट केले. "खूप दिवस वाट बघितली गं मी."

"चुकले मी, आई."

"मला काय सांगतेस?" अ‍ॅडा म्हणाली. आत नेलची शवपेटी खाली सोडत होते.