शोभाताईंनी न उघडलेलं रिग्रेशन

शोभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत, राजापेठेतल्या क्लासमध्ये शिकवत होते. फोन त्यांच्या यजमानांचा, अकोल्याहून. "पोरी, तुही मैत्रीण गेली वं… झोपेतच." पोरांना सुट्टी दिली आणि खाली येऊन नुसती रस्त्याकडे बघत उभी राहिले. ताई पन्नाशी ओलांडलेल्या, मी विशीतली. पण काकांनी शब्द अचूक वापरला. मैत्रीणच. आता महिना झालाय, रडून झालंय. लिहायला बसले तर हसूच येतंय, कारण ताई म्हटलं की मला आधी तो मार्च महिना आठवतो.

मुलांची लग्नं उरकून ताई एम.ए. अर्थशास्त्राला, माझ्याच वर्गात आल्या होत्या. अकोल्याच्या जुन्या शहरातून रोज अमरावतीला यायच्या. पहिल्या दिवशी वर्ग त्यांना मॅडम समजून उभा राहिला, तर या बाईंनी "बसा, बसा" म्हणत हजेरीच घ्यायला सुरुवात केली! शेवटच्या परीक्षेआधीची सुट्टी लागली आणि विभाग ओस पडला. तास संपलेले, पेपर अजून लांब, कडुलिंबाला मोहर, वाचनालयाबाहेरचा कट्टा आमच्या मालकीचा. अभ्यास कमी आणि दह्यात भिजलेला गिला वडा जास्त. काय दिवस होते ते! मी मात्र आतून खचले होते. संख्याशास्त्राचा पेपर आधी एकदा राहिला होता, आणि त्यातलं रिग्रेशन, म्हणजे विखुरलेल्या ठिपक्यांमधून नेमकी रेघ काढायचं गणित, आलं की मी पुस्तकच मिटायची. शेंदूरजनाघाटला घरी सांगूनही टाकलं होतं की मी परीक्षेला बसत नाही. आईनं तेवढ्यात स्थळं पाहायला घेतली.

हे ताईंना कळलं. रागावल्या नाहीत. वडा खाता खाता म्हणाल्या, "मी रिग्रेशन सोडून देल्लं."

"म्हंजे?"

"म्हंजे पुस्तक उघडतच नाई. तू मले शिकवशीन. तू सांगशीन तेवढंच मी लिहीन."

"ताई, मलेच येत नाई!"

"मंग शिक ना वं. काहून घाबरून राहिली?"

असा संताप आला मला! घर, लेकरं, सासूचं आजारपण… सगळं निस्तरून उशिरा हाती आलेली पदवी, आणि ती या बाईनं एका नापास पोरीवर टाकली. वाटलं, थट्टा करतायत. पण चार दिवसांनी विचारून पाहिलं तर खरोखरच कोऱ्या! तेव्हा मात्र मी घाबरले. माझी नव्हे, त्यांची काळजी लागली. सकाळी मी धडपडत वाचायची, दुपारी कट्ट्यावर शिकवायची, आणि ताई शंका काढून भंडावून सोडायच्या. "ही रेघ इथूनच काहून गेली? वरून गेली तं कोणाचं काय जाते?"

मी वहीत रेघा मारत गेले. बोलत राहिले, चुकत राहिले, आणि एकदम लख्ख दिसलं. "ताई, सगळ्या ठिपक्यांशी कमीत कमी भांडण होते, तिथूनच जाते ही रेघ!" मी अक्षरशः ओरडले. ताईंनी अशी टाळी दिली की हात झणझणला. त्या आनंदात आम्ही आणखी एक प्लेट मागवली.

पेपरात नेमकं तेच आलं. बाहेर येताच मी विचारलं, "ताई, लिवलं?"

"तू बोलली तसंच."

"अन् मी चुकीचं सांगितलं असतं तं?"

"तं दोघी नापास. एकटीले थोडीच मागं सोडली असती तुले?" एवढं म्हणून त्या ऑटो शोधायला लागल्या. मी तिथंच, सगळ्यांसमोर रडले. निकालात त्या विषयात त्यांना माझ्याहून जास्त गुण पडले, आणि ते त्यांनी अख्ख्या वऱ्हाडाला सांगितलं.

परवा अकोल्याला गेले. बैठकीत ताईंचा हार घातलेला फोटो, आणि त्याच फ्रेममध्ये शेजारी… मी! पदवीदानाच्या दिवशीच्या आम्ही दोघी. काका ओशाळले. "तिचा हसरा फोटो हा एकच होता वं. स्टुडिओवाल्यानं तुले काढून पाह्यलं, पण तिचा हात तुह्या खांद्यावर. तू गेली की तो हवेतच लटकून राहे. बरं नाई वाटलं." हार तेवढा ताईंच्या बाजूला ओढून बसवला होता. जित्या माणसाचा फोटो असा हाराजवळ ठेवू नये, असं पुटपुटत ताईंच्या सुनेनं तो उतरवायला स्टूल आणलं.

मी ते स्टूल ओढून घेतलं आणि त्यावर बसले. म्हटलं, "राहू द्या काका. मले तिथंच बरं वाटते."