निळ्या दोऱ्याचे घुंगरू

क्लासच्या दाराशी चपला काढताना आत नजर गेली आणि मी तिथेच थांबले. पुढच्या रांगेतल्या नव्या मुलीच्या पायांत माझे घुंगरू होते. मे महिन्याच्या सुट्टीत मी ते एकेक करून निळ्या दोऱ्यात ओवले होते. बाकी सगळ्यांचा दोरा पांढरा.

एकीचे घुंगरू दुसरीने बांधायचे नाहीत, हा आमच्या ताईंचाच नियम. आणि "थकलीस तर सांग गं, लपवू नकोस," हेही त्यांचंच. सहा वर्षं कथक केल्यावर सकाळी उठून पाय जमिनीला टेकवावेसेही वाटेनात, तेव्हा मी भाबडेपणाने सांगितलं. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "आठ दिवस घरी राहा. घुंगरू राहू देत इथेच."

आज नववा दिवस.

थकलेल्या माणसाला सगळे आराम कर म्हणतात. तुझी जागा धरून ठेवतो, असं मात्र कुणीच म्हणत नाही; ते आपण आपलं गृहीत धरतो. मी धरलं होतं.

ताईंनी मला पाहिलं. "आलीस? बस," म्हणाल्या आणि पुन्हा टाळी देऊ लागल्या.

मी बसले नाही. परत जायचं ठरवून चप्पल घालायला वाकले, तर माझा उजवा पाय त्यांच्या टाळीवर फरशीवर ठेका धरून होता. महिनाभर जो उचलवत नव्हता, तोच. त्यानेही मला विचारलं नव्हतं.