मोठीमायची बोडी

मोठीमायला कुणी "हे जमणार नाही" म्हटलं, की ती आधी पदर खोचायची आणि मग विचारायची, "कोन म्हनते?" उत्तरासाठी ती थांबत नसे. तोवर ती कामाला लागलेली असायची.

मोठीमाय म्हणजे माझ्या बाबांची थोरली वहिनी. मोठेबाबा लवकर गेले. मुलगा प्रकाशदादा चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला वीजकेंद्रात नोकरीवर, तिथंच क्वार्टरमध्ये. ती मात्र गावात, आमच्या घराला लागून एकटी राहायची. वाटणीत तिच्याकडे धानाच्या चार बांध्या आल्या आणि बोडी. बोडी म्हणजे शेतातलं घरचं तळं. आमच्या भागात ऐन निसवणीला, धानाला लोंब्या येताना, पावसानं पाठ फिरवली, की ज्याची बोडी भरलेली त्याचंच धान हाती लागतं. शिवाय बोडीतली मच्छी. मोठीमायच्या बोडीतल्या मरळीचं कालवण खायला प्रकाशदादाचे मित्र कोराडी-चंद्रपूर कुठूनही यायचे.

एका पावसाळ्यात वरच्या गावतलावाचं पाणी फुटून आलं आणि त्याबरोबर जलपर्णीची दोनचार रोपं आली. फिकट जांभळी फुलं लागली तेव्हा गावातल्या पोरी पाळीवर, काठच्या बांधावर, उभ्या राहून फोटो काढायच्या. पुढच्या वर्षी पाणी दिसेनासं झालं. वरून हिरवंगार मैदान, खाली कुबट काळं पाणी. मच्छी तोंड वर काढून तडफडायची.

त्याच सुमारास बोडीलगतचा रस्ता रुंद झाला. बाबांच्या डोक्यात दुकानांचे गाळे आले. एकदा जेवताना म्हणाले, "वहिनी, आता ती बोडी बुजवून टाकू. मुरूम मी टाकतो."

मोठीमायनं घास ताटात ठेवला. "डोळ्यात मोतीबिंदू आला त डोळा बुजवते का मानूस?"

दुसऱ्या दिवशी ती पाण्यात उतरली. जळवा चावू नयेत म्हणून प्रकाशदादाची जुनी, कंपनीची निळी पँट चढवलेली, त्यावर लुगडं कमरेला गच्च बांधलेलं. पाळीवर बसलेली माणसं खो खो हसली. ती कंबरभर पाण्यातून म्हणाली, "हासा बापा. पन हासता हासता दोन बुडं उपडून टाका." एकजण खरंच उतरला. बाकीचे हळूच पांगले.

तिचा एकच हट्ट असे. पानं ओरबाडायची नाहीत, मुळासकट काढायचं. "बोटभर राह्यली त बोडीभर होते," असं ती प्रत्येकाला बजावायची. काढलेला ढीग पाळीवर ठेवू द्यायची नाही, पावसानं परत पाण्यात जातो म्हणून. तो टोपल्यांनी लांबच्या खताच्या खड्ड्यात जायचा. पाणी आत येतं त्या तोंडाशी तिनं बांबूची ताटी ठोकली, म्हणजे वरून वाहत आलेली रोपं बाहेरच अडावीत. तरी नवी फुटायचीच. मी कॉलेजातून सुटीला आले, की चिडून म्हणायचे, "मोठीमाय, ही संपणार आहे का कधी?" ती म्हणायची, "तिले येनं हाय त येऊ दे. मी कुठी चालली?"

दसऱ्यापर्यंत निम्मी बोडी मोकळी झाली. मग ती नातवाच्या बारशाला ऊर्जानगरला गेली, आणि त्याच आठवड्यात बोडी पिवळी पडली. कुणीतरी तणनाशक मारलं होतं. पानं जळली, सगळा लगदा पाण्यात बसून सडला, मच्छी पांढरी पोटं वर करून तरंगायला लागली. वास गावभर.

मोठीमाय बसमधून उतरली ती थेट पाळीवर गेली. रडली नाही. तिथून आमच्या अंगणात आली, विहिरीजवळ ठेवलेला फवारणीचा पंप उचलून नाकाशी नेला आणि खाली ठेवला. मग बोडीवर जाऊन सडलेल्या जलपर्णीचं टोपलं भरून आणलं आणि आमच्या दारात रिकामं केलं. मग दुसरं. मग तिसरं.

बाबा बाहेर आले. "वहिनी, लोकं पाहून राह्यले!"

"पाहालेच पाहिजे. मी काई लपून नाई टाकलं."

बाबांचा आवाज पडला. "तुमच्या भल्यासाठीच केलं ना. एकटी बाई, पान्यात मरून पडान एखाद्या दिवशी."

"मरन माहं, बोडी माही. यात तुमचं काय हाय, भाऊजी?"

बाबा आत गेले. त्यांनी दार लावून घेतलं.

सकाळी उठले तर चूल थंड. आई घरात नव्हती. माझी आई, जी बाबांशी बोलतानाही दाराच्या चौकटीआडून बोलायची, ती कंबरभर घाणीत उभी होती. मोठीमाय तिला एवढंच म्हणाली, "पाय जपून टाक, चिखल खोल हाय." दुपारपर्यंत मोहल्ल्यातल्या आणखी बाया आल्या. सडका लगदा सगळा निघाला नसता, तर उरलंसुरलं पाणीही गेलं असतं. तो निघाला. धान त्या वर्षी कमी झालं, पण झालं. पुढच्या पावसाळ्यात मासेमारी करणाऱ्या ढीवरांनी नवं मच्छीबीज सोडलं, तेव्हा मोठीमायनं पाळीवर नारळ फोडला आणि पहिला तुकडा आमच्या घरी पाठवला. बाबांनी तो मुकाट्यानं खाल्ला.

जलपर्णी त्यानंतरही दरवर्षी आली. मोठीमाय दरवर्षी उतरली. प्रकाशदादा तिला क्वार्टरवर न्यायचा, ती थोडे दिवस राहून परत यायची. "नळाच्या पान्यात मच्छी दिसत नाई," म्हणायची.

मागच्या पावसाळ्यात तिला दम लागायला लागला. चंद्रपूरच्या दवाखान्यात उशाशी आई बसलेली असताना तिनं विचारलं, "ताटी फाटली असंन. पाह्यली का?" आई म्हणाली, "नवी ठोकली." मोठीमायनं डोळे मिटले. ते पुन्हा उघडले नाहीत.

तेरवीच्या दिवशी, पंगत उठल्यावर, रस्त्यालगतची जागा शोधणारा एक माणूस प्रकाशदादाजवळ येऊन बसला. बाबाही तिथंच होते. बोडीचं काय ठरवलं, असं त्यानं हळूच विचारलं. प्रकाशदादानं आईकडं पाहिलं.

खरकटी ताटं हातात घेऊन आई दाराच्या चौकटीआड उभी होती. "विकाची नाई," ती म्हणाली.

तो माणूस हसला. "बाई, घरच्या मानसाले त बोलू द्या."

आईनं ताटं खाली ठेवली. चौकट ओलांडून ती पुरुषांच्या बैठकीत येऊन उभी राहिली.

"घरची मानूस मीच हाय. बोला."