छत्रीतला तुरटीचा धडा

आमच्या शाळेवर लोखंडी छत्री बसवली, त्या साली विहिरी तळाला गेल्या होत्या. धडे आता आभाळातल्या उपग्रहावरून येणार, म्हणे. शाळेत टीव्ही, अन् टीव्हीतली बाई शिकवणार. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. मला ते तवाही कळलं न्हाई, आजही न्हाई.

त्याच उन्हाळ्यात टँकरपाशी शूटिंगवाले आले. गढूळ पाण्यात तुरटी कशी फिरवायची, ते त्यांना एका बाईकडून करून घ्यायचं होतं. त्यांनी माझ्या मंडळीला पुढं केलं. ती म्हणाली, "लुगडं बदलून येते." ते म्हणाले, "असंच पाहिजे." त्यावरून ती माझ्यावर चिडली. माझा काय संबंध?

धडा लागला दिवाळीनंतर. तवा आमी सहकारी कारखान्याचा ऊस तोडायला गेलतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. तिला मागं ठेवलं तर मुकादम मलाही घेत न्हाई. निम्मी पोरंही आमच्यासंगं फडातच. धडा पाहिला तो गावात उरलेल्या म्हाताऱ्यांनी. परत आलो तर एक म्हणतो, "वहिनी लई बोलल्या." दुसरा म्हणतो, "नुसते हातच दिसले." ती मरेपर्यंत विचारायची, "खरं सांगा, मी दिसले कशी?" मी म्हणायचो, "म्हशीसारखी."

ती गेली आखाडात. मग मी शाळेत गेलो. गुरुजी नवे. म्हटलं, "तो तुरटीचा धडा लावा एकदा. आमचं माणूस हाय त्यात."

"आजोबा, छत्री कधीच गंजली. अन् ते इथं साठत नव्हतं. वरून यायचं, दिसायचं, जायचं."

"जायचं कुठं?"

गुरुजी हसून वर्गात गेले.

वरून आलं तर वर असंलच की. का तिथंही न्हाई? कोणाला विचारावं?

तो धडा गावोगावच्या शाळांत दिसला होता, एवढं मला ठाऊक. म्हणून सिरसाळ्याच्या बाजारात गेलो की विचारतो. लोक हसतात. परवा एक जवान केळीवाला म्हणाला, "तुरटीवाली ना चाचा? शाळेत पाहिली मी. तुरटी फिरवा, मग गाळ बसंपर्यंत हंड्याला हात लावू नका, म्हणाली. आमच्या घरी अजून तसंच करतात."

मी त्याच्या गाड्याला धरलं. "दिसायला कशी होती?"

त्यानं लई आठवून पाहिलं. "चेहरा न्हाई आठवत. आवाज चढा होता."

चढाच होता.

"नीट आठव बे," मी म्हणालो, "घरी गेल्यावर विचारील ती."

तो बरं म्हणाला अन् पुन्हा आठवू लागला. मी काय बोललो, ते मला एसटीत बसल्यावर कळलं.