यादीत नसलेली माणसं

कोणतीही यादी हाती आली की मोठ्या बाई तिच्यात कोण नाही ते आधी बघायच्या. बोट नावांवरून खाली सरकायचं आणि मध्येच थांबायचं. पेडगावच्या पुढच्या एका लहान गावातल्या शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या आणि मी संगणकावर नोंदी करणारी. त्यांची ही सवय मला तेव्हा कटकट वाटे.

"यंत्र खोटं बोलत नाही, बाई," असं मी एकदा ऐकवलंही होतं.

"खोटं न्हाई बोलत. पण इचारलं तेवढंच बोलतंय."

त्या वर्षी वसतिगृहासाठी मुलींची यादी दुपारपर्यंत पाठवायची होती. 'शाळा सोडली' या रकान्यात 'हो' नाही अशा सगळ्या मुली दाखव, एवढंच मी संगणकाला विचारलं. सदतीस नावं आली. बाईंचं बोट थांबलं.

"सखू कुठाय? अन् तिच्यासंगच्या तिघी?"

"सोडली असेल शाळा."

बाई चिडल्याच. "मेंढरांमागं गेल्यात मायबापासंगं. पाऊस पडला की येतेत. वसतिगृहातली ही जागा गेली तर सखूची शाळा कायमची सुटती, कळलं का?"

मी तासभर डोकं आपटलं. प्रश्न बरोबर, नावं बरोबर, तरी चौघी गायब! शेवटी एकेकीची नोंद उघडली. बाकी सगळ्यांपुढे 'नाही' होतं, या चौघींपुढे रकाना कोरा. आणि मी ज्यावरून नोंदी केल्या त्या कागदावर तो कोरा ठेवला होता खुद्द बाईंनी.

"सोडली म्हणावं तर सोडली न्हाई, हाय म्हणावं तर वर्गात न्हाई. मग काय लिहू? खोटं लिहू?"

यंत्र मात्र कोऱ्याला 'हो' धरत नाही आणि 'हो नाही' असंही धरत नाही; सरळ बाजूला टाकतं. 'कोरे असतील तेही दाखव' एवढं मी जोडलं आणि एक्केचाळीस नावं आली. मला रडूच आलं. बाईंनी आपला चहा माझ्यापुढे सरकवला.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोपाला येणाऱ्यांची यादी मीच केली होती. सखू आता परभणीला नर्सिंग शिकते. सुट्टी मिळाली तर येईन म्हणाली होती, म्हणून तिच्या नावापुढे मी काहीच लिहिलं नव्हतं. कार्यक्रमाच्या दिवशी बाईंचं बोट नेमकं तिथं थांबलं. त्या माझ्याकडे बघून हसल्या.

"मग थांबू की जरा," म्हणाल्या आणि खुर्चीत बसून राहिल्या.

परभणीहून येणारी चारची एसटी फाट्यावर थांबली, तेव्हा बाईंना पांघरायची शाल अजून घडीतच होती.