भांगेचा चोथा आणि केसरबाईंचा भुऱ्या

दिनांक २७ फेब्रुवारी २०२५, गुरुवार, महाशिवरात्रीचा दुसरा दिवस. क्रांती चौकामागील एका गल्लीत, सकाळी नऊच्या सुमारास, भुऱ्या नावाचा कुत्रा पिसाळल्याचे ठरवून ठार मारण्यात आला. तो पिसाळलेला नव्हता. कोणत्याही कार्यालयाने याची नोंद घेतली नाही, म्हणून ती येथे.

केसरबाई मूळच्या सोयगावच्या. पती गेल्यापासून वीस वर्षे त्या खाणावळीत भाकरी थापतात. करपलेली भाकरी भुऱ्याची. घरी आल्यावर ज्याच्याशी बोलावे, असा जीव तेवढाच.

त्या सकाळी तो भिंतीला घासत आला. मागचे पाय फाकलेले, मान झुलणारी, चालता चालता मूत गळत होते. माशी बसली तरी दचकत होता. केसरबाईंनी वाटी पुढे केली, तसा लपलप पाणी प्याला. तोवर गल्ली जमली होती.

"केसरबाई, कुत्रं पिसाळलंय," गल्लीतल्या उत्सव मंडळाचे तात्यासाहेब म्हणाले. "खांबाला बांधा. डॉक्टर बोलावतो."

"पिसाळलेलं असं पाणी पितं का हो? आत्ता वाटीभर प्यालंय."

"मावशी, थंडाई तुम्हीबी घेतली वाटतं," मंडळातला शिवम म्हणाला. "लई जीभ चालायलीय!"

सगळे हसले. डॉक्टर येणार, या भरवशावर केसरबाईंनी स्वतः दोरी आणली, पक्की गाठ मारली आणि अंथरायला गोणपाट आणण्यासाठी त्या घरात वळल्या. बाहेर आल्या तेव्हा काठ्या थांबल्या होत्या. डॉक्टरला फोन कोणी केलाच नव्हता.

त्याच गोणपाटात गुंडाळून त्यांनी भुऱ्याला रिक्षाने पशुवैद्यक मेघाताईंकडे नेले. पोटात हिरवा चोथा निघाला, त्यात बदामाची साले. मंडळाने आदल्या रात्री थंडाईसाठी भांग गाळून तो कचऱ्यावर फेकला होता. मेंदूच्या तपासणीत रेबीज आढळला नाही.

"भांगेतले द्रव्य मेंदूतल्या ज्या ग्राहींना, म्हणजे रिसेप्टरना, चिकटते, ते कुत्र्याच्या तोल सांभाळणाऱ्या भागात फार दाट असतात," मेघाताईंनी सांगितले. "म्हणून तो झोकांड्या खातो, दचकतो. वेळेवर आणला असता, तर बहुधा एक-दोन दिवसांत सावरला असता."

"मीच बांधलं त्याला," एवढेच केसरबाई बोलल्या.

मंडळातून कोणी दिलगिरीचा शब्दही काढला नाही. केसरबाई भाकरी थापतात. मात्र गाठ मारायची झाली, अगदी पिठाच्या पिशवीची, तरी ती दुसऱ्याकडून मारून घेतात.

वाचकहो, मागणी साधी आहे. भांगेचा चोथा उघड्यावर टाकू नका, खड्डा खणून पुरा. आणि कुत्रा झोकांड्या खाताना दिसला तर त्याच्यापासून दूर राहा, काठी उचलू नका, पशुवैद्यकाला खरोखर फोन करा.