वरच्या काकांनी तपासलं आहे

कुवेतच्या फहाहीलमधल्या आम्हा मराठी मंडळींचे कॉम्प्युटर त्या काळात धडधाकट राहिले ते कुठल्या अँटीव्हायरसच्या कर्तबगारीने नव्हे, तर आमच्या वरच्या काकांच्या संशयी स्वभावाने, असं मी शपथेवर सांगेन. काका आमच्या बरोबर डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायचे म्हणून आमचे ते 'वरचे काका', आणि आमच्यामुळे मग सगळ्या कुवेतचे. मूळचे नाशिकचे. रिफायनरीत दुरुस्ती सुरू करायच्या वर्क परमिटवर सही करायचं काम. एखादी पाइपलाइन रिकामी आहे असं दहा इंजिनियरांनी सांगितलं तरी हा गृहस्थ भर ऑगस्टच्या उन्हात स्वतः चालत जाऊन व्हॉल्व्हला हात लावल्याशिवाय पेन उघडायचा नाही. 'न पाहता केलेली सही म्हणजे थाप' असं ते म्हणायचे. हीच शिस्त ते घरीही घेऊन यायचे. बकाल्यात, म्हणजे तिथल्या वाण्याकडे, खुबूस पावाच्या पाकिटावरची तारीख मोठ्याने वाचायचे, हाताला पाव गरम लागत असला तरी. आमच्याकडे चहाला आले की आधी स्वयंपाकघरात जाऊन गॅसचा रेग्युलेटर हुंगून यायचे, मग बसायचे. बायको वैतागायची. पुढे पुढे तीच सिलिंडर बदलला की काकांना हाक मारायला लागली.

अशा माणसाच्या हाती कॉम्प्युटर आला तेव्हा काय झालं असेल! पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक दोनशे पानी वही आणली आणि विंडोजच्या फोल्डरमधली एकूण एक फाईल तिच्यात हाताने उतरवली. नाव, आकार, तारीख. काकू सांगायच्या, "महिनाभर मला वाटत होतं, हे रामनाम लिहिताहेत." नंतर कुणाच्याही मशीनवर अनोळखी फाईल दिसली की काका वही काखेत मारून हजर. आधी टेलिफोनची वायर उपटायची, मग चष्मा पुसायचा, मग वहीत नाव शोधायचं. नाव सापडलं तरी आकार जुळायला हवा आणि आकार जुळला तरी तारीख. एकदा माझ्या पडद्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "हिला ओळखतोस?" मी म्हटलं, "काका, मी माझ्या कॉम्प्युटरमधल्या एकाही फाईलला ओळखत नाही." ते खरोखर दुखावले. "मग घरात राहू कशी देतोस?" या सगळ्याला वेळ लागायचा. तीन दिवस तर कमीत कमी. पण तीन दिवसांनी काका 'ठीक आहे' म्हणाले की ते ठीकच असायचं. या एका बाबतीत लोकांचा त्यांच्यावर जेवढा विश्वास होता तेवढा स्वतःच्या डॉक्टरवर नव्हता.

मी तेव्हा तिथल्या मराठी मंडळाचा चिटणीस होतो आणि सगळ्यांचे ईमेल पत्ते माझ्याकडे होते. एके दिवशी ती ईमेल आली: अमुक फोल्डरमध्ये अमुक फाईल दिसली तर ताबडतोब काढून टाका, भयंकर व्हायरस आहे, सर्वांना कळवा. मी पाहिलं तर फाईल होती! नावात एक स्वर नाही, दिसायलाच लबाड. धावत वर गेलो. काका म्हणाले, "तुझं विंडोज माझ्या वहीनंतरचं. मूळ सीडीशी ताडून बघतो. तीन दिवस दे." पण मला धीर कुठला! खाली येऊन मी ती ईमेल मंडळातल्या सगळ्यांना पाठवली, आणि लोकांनी मनावर घ्यावं म्हणून शेवटी एक ओळ माझ्या पदरची घातली: 'वरच्या काकांनी तपासलं आहे.'

लोकांनी बिनदिक्कत फाईल काढून टाकली. दोन दिवसांत फोन सुरू झाले. कुणाचा प्रिंटर मुका झाला, कुणाचा कॅमेरा बंद पडला आणि गावाकडच्या आईचा चेहरा दिसेनासा झाला. फाईल विंडोजचीच होती, अगदी घरातली. काका ईमेलची छापील प्रत घेऊन खाली आले. "ही ओळ तू लिहिलीस?" मी मान हलवली. "अरे, मी ती फाईल अजून उघडूनही पाहिली नव्हती रे," एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, सगळ्यांना खरं काय ते कळवतो. "आधी त्यांची मशीन चालू होऊ देत. खाली माझं नाव आहे ना? मग मलाच गेलं पाहिजे."

काकांना गाडी चालवता येत नव्हती, म्हणून मीच त्यांना न्यायचो. सुट्टीचे पाच शुक्रवार आम्ही हिंडलो. मांडीवर फ्लॉप्यांचा डबा घेऊन काका शेजारी बसलेले. रुमैथियात एका बाईंनी विचारलं, "काका, तुम्ही तपासूनही असं कसं झालं?" काका म्हणाले, "झालं खरं. जरा सरका." जहराला रत्नागिरीकडचे एक दुकानदार होते. ते सरबत पुढे करत म्हणाले, "काका, तुमचा नाव बघितला नि पुसून टाकली. दुसऱ्या कोनाचा असता तर इचार केला असता." काकांनी ग्लास घेतला आणि फ्लॉपी मशीनमध्ये सरकवली. मी माझं सरबत संपवलं. सगळी मशीन चालू झाली आणि मी कळवायचा तो खुलासा आज-उद्यावर गेला, तो गेलाच. एक मात्र झालं. नंतर कुणी काकांना फाईल दाखवायला बोलावलं नाही.

ते निवृत्त होऊन नाशिकला निघाले तेव्हा निरोप समारंभात एक जण भाषणात म्हणाला, "काकांची आयुष्यात एकच फाईल चुकली, पण काय चुकली!" सगळे हसले. काकाही हसले. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, माईक हातातच होता. मी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.

त्या गोष्टीची मला आजही लाज वाटते. काही महिन्यांनी मी धीर करून दोन पानी पत्र लिहिलं, झालं ते सगळं कबूल केलं, सर्वांना कळवण्याची परवानगी मागितली आणि कागद स्कॅन करून नाशिकला ईमेलने पाठवला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'तुझी ईमेल मिळाली. सोबत एक फाईल आहे. ती तूच पाठवलीस, की तुझ्या नावावर दुसऱ्या कुणी, हे कळायला मार्ग नाही. न उघडता ठेवली आहे. एक फोन करून सांग, म्हणजे लगेच वाचतो. काकू आठवण काढते.'

तो फोन मी अजून केलेला नाही.